नमुना सहा

१८४४ साली गडहिंग्लज तालुक्यातल्या सामानगडावर गडकऱ्यांनी बंड केले. कोल्हापूर संस्थानाचा कारभार तेव्हा इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडिताच्या हाती होता. त्याने चालवलेल्या फेररचनेत गडकऱ्यांच्या जमिनींची व्यवस्था किल्ल्याकडून काढून मामलेदाराच्या कचेरीकडे देण्यात आली. बंडाला इतरही कारणे होती, पण ठिणगी पडली ती या बदलाने. ऑक्टोबरात इंग्रज फौजेने गड घेतला आणि तोवर बंडाचे लोण भुदरगडापर्यंत पोचले होते. इतिहास सांगताना आपण यातल्या लढाईवर भर देतो, ते स्वाभाविकही आहे. कागदाची बाजू मात्र मागे पडते. जमिनीचा हिशेब कुणाच्या दप्तरात राहणार यावर ती जमीन पुढच्या पिढीला आपली म्हणता येईल की नाही हे ठरते, एवढे त्या गडकऱ्यांना पक्के कळले होते. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही हे कळत होते, किंबहुना त्यालाच ते जास्त कळत होते.

आज नूल, महागाव किंवा हलकर्णीतल्या शेतकऱ्याचा सातबारा गावातल्या कुठल्याच कपाटावर अवलंबून नाही. तो दूरच्या सर्व्हरवर आहे, आणि १५ रुपये भरले की डिजिटल सहीचा उतारा मोबाइलवर उतरतो. याचे श्रेय आपण सर्रास संगणकाला देतो, अलीकडे क्लाउडला. मला ते श्रेय चुकीच्या खात्यावर पडलेले वाटते. संगणकात काम करणारे लोक ज्याला सामाईक लायब्ररी म्हणतात, म्हणजे एकदाच नीट लिहून ठेवलेला आणि सगळ्यांनी वापरायचा कोड, तशी एक गोष्ट महसूल खात्याने संगणक यायच्या कितीतरी आधी कागदावर उभी केली होती. तिचे नाव गाव नमुने. क्लाउडवरच्या सातबाऱ्यात जे चांगले चालते ते या नमुन्यांमुळे चालते, आणि जिथे तो अडतो तिथे बहुतेक वेळा नमुन्यांची आखणी घेऊन नमुन्यांभोवतीचे काम सोडून दिलेले असते. गडहिंग्लजसारख्या सीमेवरच्या, संस्थानातून आलेल्या तालुक्याचा महसुली इतिहास पाहिला की हे जास्त स्पष्ट दिसते.

नमुन्यांच्या आधी काय होते ते पाहू. गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे. मोडीत लिहिलेले कागद, रुमालात बांधलेले, वतनाबरोबर बापाकडून मुलाकडे जाणारे. या लिखाणाला पद्धत नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. मराठेशाहीतल्या जमाखर्चाची शिस्त किती कडक होती हे पुण्याच्या पेशवे दफ्तरात पाहायला मिळते, आणि गावपातळीवरचे कुलकर्णीही त्याच शिस्तीत वाढलेले होते. अडचण दुसरीकडे होती. ती पद्धत माणसाच्या अंगात मुरलेली होती. कुठल्या शेताला कुठले नाव, कुठल्या आकड्यामागे कुठला जुना तंटा, कुठला कागद कुठल्या रुमालात, हे त्या घराला माहीत आणि बाकी गावाला नाही. दप्तर वाचायचे तर कुलकर्णी लागायचा, आणि जो वाचून दाखवतो त्याच्या शब्दाला आपोआप वजन येते. शाहू महाराजांनी १९१८ साली संस्थानातली कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले ते या वजनावर नेम धरून. यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. वेदोक्त प्रकरणापासून पेटलेला ब्राह्मण-ब्राह्मणेतर संघर्ष या निर्णयामागे होता, त्यामुळे त्याला दप्तरसुधारणा म्हणणे म्हणजे राजकारणाला कारकुनी कपडे चढवणे होय. हेतूपुरता हा आक्षेप मला मान्य आहे. पण हेतू काहीही असो, परिणाम दप्तरावर झालाच. वतनदार कुलकर्णी जन्मभर एका गावाचा असे, पगारी तलाठ्याची बदली होते. बदलून येणाऱ्या परक्या माणसाला पहिल्या दिवसापासून दप्तर उलगडता आले पाहिजे, म्हणजे जे आधी घराण्याच्या स्मरणात होते ते कागदावर, ठरलेल्या रकान्यात, ठरलेल्या क्रमाने यायला हवे. शेजारच्या मुंबई इलाख्यात कुलकर्णी वतने पूर्णपणे रद्द करणारा कायदा व्हायला १९५० उजाडले. त्या बाबतीत गडहिंग्लज तीन दशके पुढे होते.

मुंबई इलाख्याने मात्र दुसऱ्या बाजूने सुरुवात केली होती. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली, १९१३ मध्ये ती जमीन महसूल कायद्यातच सामील झाली, आणि पुढे एफ. जी. एच. अँडरसन या सनदी अधिकाऱ्याच्या पुस्तकाने गावच्या हिशेबाची सगळी रचना एका साच्यात बसवली. महसूल खात्यात आजही ‘अँडरसन मॅन्युअल’ एवढेच म्हटले जाते, पुढे काही सांगावे लागत नाही. त्यातून आलेल्या गाव नमुन्यांचे क्रमांक १ ते २१. एक म्हणजे आकारबंद, सहा म्हणजे फेरफार, सात म्हणजे अधिकार अभिलेख, आठ-अ म्हणजे खातेदाराचा खातेउतारा, बारा म्हणजे पिकांची नोंद. सात आणि बारा एका कागदावर छापले जाऊ लागले म्हणून सातबारा. टपालाच्या तिकिटांचा हिशेब ठेवायलाही एक नमुना आहे, क्रमांक वीस. कुणाला ही कारकुनीची हौस वाटेल. पण या एकवीस नमुन्यांपैकी बहुतेकांचा दुसऱ्याशी धागा आहे, आणि जमिनीच्या हक्कांच्या धाग्यांची गाठ नमुना सहामध्ये आहे. समजा नेसरीतला एक खातेदार वारला. मुलांनी तलाठ्याकडे वर्दी दिली. आधी सहा-क या वारस नोंदवहीत चौकशी होते, मग सहामध्ये नोंद धरली जाते आणि तिला फेरफार क्रमांक पडतो. हितसंबंधी माणसांना नोटीस जाते, एक प्रत चावडीवर लागते, हरकतीला १५ दिवस मिळतात. हरकत आली तर प्रकरण सहा-अ मध्ये, म्हणजे विवादग्रस्त नोंदवहीत जाते. नाही आली तर मंडळ अधिकारी गावात येऊन खात्री करतो आणि नोंद प्रमाणित करतो. त्यानंतरच सातवर वडिलांचे नाव कमी होते, मुलांची नावे चढतात आणि शेजारी गोलात तो फेरफार क्रमांक लिहिला जातो. सातमध्ये थेट कुणालाच लिहिता येत नाही, तलाठ्यालाही नाही आणि तहसीलदारालाही नाही. काहीही बदलायचे तर वाट सहामधूनच. आणि सातवरचे कुठलेही नाव का आले असा प्रश्न पडला की गोलातला क्रमांक धरून सहा उघडायचे, तिथे कारण, तारीख, सही मिळते. वारसांना यातले काहीही माहीत असावे लागत नाही. त्यांनी फक्त वर्दी द्यायची असते.

आता याच्याशेजारी संगणकाचा इतिहास ठेवून पाहा. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी मे महिन्यात केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या गटाने बांधलेला एडसॅक हा संगणक पहिल्यांदा चालला. दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण एडसॅकवर काम करणाऱ्यांना थोड्याच दिवसांत एक गोष्ट खटकू लागली. वर्गमूळ काढणे, उत्तर छापणे अशी कामे प्रत्येक जण आपापल्या कार्यक्रमात नव्याने लिहीत होता आणि प्रत्येक जण नव्याने चुकत होता. मग त्यांनी अशी कामे एकदाच काळजीपूर्वक लिहून, कागदी फितींवर छिद्रे पाडून, कपाटात ठेवायला सुरुवात केली. ज्याला जी लागेल ती फीत त्याने आपल्या कामात जोडायची. १९५१ पर्यंत अशा ८७ फिती झाल्या, आणि विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी त्या पद्धतीवर त्याच वर्षी पुस्तक काढले. सामाईक लायब्ररीची ही सुरुवात समजली जाते. क्लाउडच्या काळात तीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडली. ॲमेझॉनने २००६ साली साठवणूक आणि संगणनाची सेवा भाड्याने द्यायला सुरुवात केली, मागोमाग इतर कंपन्या आल्या, आणि प्रत्येकीची सेवा मागण्याची तऱ्हा वेगळी निघाली. एकीसाठी लिहिलेला कार्यक्रम दुसरीकडे चालेना. तेव्हा २००९ च्या सुमारास लिबक्लाउडसारख्या लायब्रऱ्या निघाल्या. लिबक्लाउड पुढे अपाचे फाउंडेशनकडे गेली. प्रोग्रामरने एकाच ठरलेल्या पद्धतीने मागणी करायची आणि मागे कुठली कंपनी आहे त्यानुसार ती फिरवून देण्याचे काम लायब्ररीने करायचे, अशी ही रचना. तिचा मोठा फायदा असा की मागचे कोठार बदलले तरी पुढच्या माणसाची सवय मोडत नाही. तिचा दोष वापरणाऱ्यांना लवकरच कळला. सगळ्या कोठारांत जे समान असेल तेवढेच ती नीट देऊ शकते. एखाद्या कंपनीची खास सोय हवी असेल तर लायब्ररी बाजूला सारून थेट आत हात घालावा लागतो. हा फायदा आणि हा दोष, दोन्ही गाव नमुन्यांत जसेच्या तसे सापडतात.

फायद्याचा पुरावा गडहिंग्लजच्या विलीनीकरणानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत आहे. या काळात जमिनीवर एकामागून एक कायदे लागू झाले. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याने सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांनी कसणाऱ्याला मालक होण्याची वाट खुली केली. १९६० च्या सहकार कायद्याने सेवा संस्थेच्या कर्जाचा बोजा जमिनीवर चढवण्याची सोय केली. ऊस आला, पाणी आले, तसे गावोगावच्या सोसायट्यांचे बोजेही आले. धरणांच्या लाभक्षेत्रात पुनर्वसन कायद्याचे निर्बंध आले. १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम तर मुळाचाच कायदा बदलणारा होता. यातल्या एकाही कायद्याने गावाला नवे दप्तर काढायला लावले नाही. कूळ मालक झाले, फेरफार सहामध्ये. सोसायटीचा करार झाला, फेरफार सहामध्ये, बोजा सातच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात. मागचे कायदे बदलत गेले, तलाठ्याची आणि शेतकऱ्याची वहिवाट तीच राहिली. चंदगडचे उदाहरण आणखी बोलके आहे. तो तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे जुन्या इंग्रजी मुलुखात होता, आणि शेजारचे गडहिंग्लज संस्थानात. दोघांचा महसुली वारसा वेगळा. तरी आज प्रांत कचेरीतल्या कारकुनाला चंदगडचा उतारा वाचायला वेगळे शिक्षण लागत नाही. उलट हुक्केरी तालुक्यातले संकेश्वर गडहिंग्लजच्या बाजाराला चंदगडपेक्षा जवळ. तिथली मिरची इथे येते, इथली सोयरीक तिथे होते. पण हुक्केरी म्हैसूर राज्यात गेले, तिथला महसूल कायदा वेगळा झाला, उताऱ्याची मांडणी वेगळी झाली. इकडे हेक्टर-आर, तिकडे अजून एकर-गुंठे. सीमेच्या दोन्ही अंगांना जमीन असलेल्या कुटुंबाला दोन भाषांपेक्षा या दोन साच्यांचा त्रास जास्त होतो, कारण कन्नड आणि मराठी दोन्ही त्याला येतात.

इथे दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की हे नमुने सारा वसूल करायला बनवले होते. त्यांना सामाईक संपत्ती म्हणणे म्हणजे सावकाराच्या खतावणीला गावाचे ग्रंथालय म्हणण्यासारखे आहे. नमुन्यांचा जन्म वसुलीसाठी झाला हे उघड आहे. पहिलाच नमुना आकारबंद, म्हणजे कोणत्या जमिनीकडून किती घ्यायचे त्याचा तक्ता. पण साच्याचा उपयोग तो बनवणाऱ्याच्या हेतूत अडकून पडत नाही. नमुना बारामध्ये प्रत्यक्ष जमीन करणाऱ्याचे नाव आणि ‘रीत’ असे रकाने होते. साऱ्यासाठी आणि पिकांच्या आकडेवारीसाठी ते भरले जात. कूळकायद्याच्या खटल्यांत याच रकान्यांनी कित्येक कुळांचा पुरावा उभा केला. जमीनदाराच्या घरातल्या वहीत कुळाचे नाव कधीच आले नसते, बारामध्ये ते आले होते, कारण रकाना होता आणि नियमाने तो भरावा लागत होता. ज्या गावांत तो मुद्दाम रिकामा ठेवला गेला तिथे कुळे हरली हेही तितकेच खरे. दुसरा आक्षेप कायद्याच्या अंगाचा. सातबारा हा मालकीचा पुरावाच नव्हे. अधिनियमाचे कलम १५७ नोंद खरी आहे असे फक्त गृहीत धरायला सांगते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, आणि फेरफाराने मालकी मिळत नाही हे न्यायालयांनी अनेकदा बजावले आहे. हा आक्षेप माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, आधार देतो. जमिनीची मालकी वारसाने, खरेदीने, वाटपाने ठरते आणि ती गुंतागुंत अफाट आहे. सातबारा तिच्यावरचा सोपा थर आहे. सोप्या थराला खालचे सगळे कळत नाही. ‘ए. कु. मॅ.’ हा शेरा पाहा. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लागले, धाकटे आणि बहिणी रकान्याबाहेर राहिल्या, आणि दोन पिढ्यांनी थोरल्याच्या नातवाला ती जमीन आपलीच वाटू लागली. रकान्यात जे बसत नाही ते ‘इतर हक्क’मध्ये कोंबायची सवय लागली, म्हणून बोजा, बहिणींचा हक्क, विहिरीतला हिस्सा, वाटेचा तंटा, कोर्टाचा मनाई हुकूम, सगळे त्या एका रकान्यात दाटीवाटीने नांदते. लिबक्लाउडच्या वापरणाऱ्यांनी ज्या दोषाबद्दल तक्रार केली तोच हा दोष.

संगणक आला तो या पार्श्वभूमीवर. केंद्राने १९८८-८९ साली भूमिअभिलेख संगणकीकरणाचा प्रयोग आठ राज्यांतल्या आठ जिल्ह्यांत सुरू केला, त्यात महाराष्ट्रातून वर्धा होता. पुढे तालुक्या-तालुक्यांच्या कचेऱ्यांत संगणक बसले आणि छापील सातबारे मिळू लागले. पण हाताने लिहिलेला सातबाराही चालू राहिला. फेरफार झाला की तो वहीत चढायचा, संगणकात कधी चढायचा, कधी राहून जायचा. सीमेपलीकडे कर्नाटकाने ‘भूमी’ प्रकल्पात तालुक्यांचे अभिलेख संगणकात घेतले आणि हस्तलिखित उताऱ्याची मान्यताच काढून घेतली, त्यामुळे तिथे २००२ च्या सुमारास एकच उतारा उरला. आपल्याकडे बरीच वर्षे एका जमिनीचे दोन सातबारे होते आणि बँकेत कुठला चालेल हे बँकेवर अवलंबून होते. कर्नाटकाने धडाडी दाखवली आणि महाराष्ट्र मागे पडला असे सरळ म्हणता येईल, पण ते अर्धेच खरे. हस्तलिखिताला इतके दिवस चिकटून राहण्यामागे एक खरी अडचण होती, आणि ती साच्याच्या आतली होती.

वहीने पन्नास वर्षे जे चालवून घेतले होते ते संगणक चालवून घेईना. समजा तीन एकरांचा एक गट आहे. मेट्रिक पद्धत आली तेव्हा त्याचे झाले १२१.४१ आर; लिहिले गेले १ हेक्टर २१ आर. त्यात तीन भाऊ, प्रत्येकाचा एक एकर, म्हणजे ४०.४७ आर, लिहिले गेले ४०. तिघांची बेरीज १२०, गटाचे क्षेत्र १२१. तलाठी हे पाहत होता, शेतकऱ्याला माहीत होते, बांध जिथल्या तिथे होते, कुणाचे काही अडत नव्हते. सॉफ्टवेअरला मात्र खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज आणि गटाचे क्षेत्र जुळलेच पाहिजे. जुळत नाही तोवर पुढचा फेरफार धरता येत नाही. जुन्या नोंदींत हिस्से आणेवारीत असायचे. रुपयाचे सोळा आणे, तिघांत वाटले की पाच आणे चार पै, इथवर ठीक. त्यातल्या एकाच्या तीन मुलांत पुन्हा वाटले की एक आणा नऊ पै आणि वर एक तृतीयांश पै. कुठल्या रकान्यात बसवणार? त्यातच कुठे पेन्सिलीची नोंद, कुठे मंजूर होऊन सातवर न चढलेला फेरफार, कुठे ‘अ. पा. क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, असा शेरा लागलेला अज्ञान मुलगा आता साठीचा. ई-फेरफारसाठी, म्हणजे फेरफार संगणकावरच धरण्याच्या प्रणालीसाठी, हे सगळे तपासावे लागले. एडिट आणि मग री-एडिट अशी नावे पडलेल्या मोहिमांत तलाठ्यांनी जुन्या वह्या आणि संगणकातली माहिती ओळीओळीने ताडून पाहिली, चुका दुरुस्त करायला तहसीलदारांचे कलम १५५ खालचे आदेश घेतले, आणि २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगाव चावडी वाचन होऊन उतारे लोकांसमोर वाचले गेले. १ मे २०१८ रोजी डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला तो या श्रमानंतर. त्या दिवशीच्या बातम्यांत सर्व्हर होता, चावडी नव्हती. नमुना आणि कोड यांची तुलनाच चुकीची आहे, कारण नमुना माणूस भरतो आणि माणसाला तारतम्य असते, असे कुणी म्हणेल तर या मोहिमेकडे बोट दाखवावे लागेल. तारतम्याने चालवून घेतलेली प्रत्येक नोंद कुणाला तरी शेवटी निस्तरावी लागली, आणि ज्यांनी निस्तरली ते तलाठी ती करणारे नव्हते.

मग सगळे एका ठिकाणी नेण्याचे काय? केंद्राच्या ‘मेघराज’ योजनेखाली २०१४ साली सरकारी क्लाउड उभा राहिला, आणि राज्यांच्या अभिलेखांचा प्रवास तालुक्याच्या खोलीतून मध्यवर्ती केंद्रांकडे सुरू होता तो अधिक वेगाने झाला. नोंदणी कार्यालयाची प्रणाली ई-फेरफारला जोडली गेली. दस्त नोंदला की त्याची माहिती आपोआप महसूल कचेरीत येते आणि फेरफार धरला जातो, खरेदीदाराला वेगळी वर्दी द्यावी लागत नाही. बँका उतारा थेट पाहू शकतात. हा सरळ लाभ आहे. याच्या विरुद्ध सांगितले जाते ते असे की पूर्वी एका गावाचे दप्तर जळले तर एका गावाचे नुकसान व्हायचे, आता सर्व्हर बसला की सगळे राज्य बसते. पावसाळ्यात पश्चिमेकडच्या गावांत नेटवर्क गेले की तलाठ्याच्या लॅपटॉपवर काही उघडत नाही, हे खरेच आहे. ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द आता मराठी झाले आहेत. मी हा आक्षेप बराचसा मान्य करतो, पण तो कोठाराबद्दल आहे. साचा सामाईक असण्यासाठी कोठार एकच असावे लागत नाही. अँडरसनच्या काळात कोठारे हजारो होती आणि साचा एक होता. आज ज्यांनी दोन्ही गोष्टी एकदम केल्या त्यांनी साच्याच्या यशाचे प्रमाणपत्र कोठाराला देऊन टाकले, आणि म्हणून कोठाराच्या दुखण्याकडे, म्हणजे जोडणी, पर्यायी व्यवस्था, जागच्या जागी चालणारी प्रत, याकडे हवे तितके लक्ष गेले नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये शासनाने सातबाऱ्याच्या मांडणीत अकरा बदल केले. पन्नासेक वर्षांतला हा पहिला मोठा बदल. गावाच्या नावाशेजारी केंद्राच्या स्थानिक संस्था निर्देशिकेतला संकेतांक आला, लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराब यांची बेरीज आली, खातेदाराच्या नावाशेजारी खाते क्रमांक आला, कमी झालेल्या नावावर आडवी रेघ मारायचे ठरले, प्रलंबित फेरफार वेगळा दिसू लागला. यातला गावाचा संकेतांक शेतकऱ्याच्या काहीच उपयोगाचा नाही. तो दुसऱ्या खात्यांच्या सॉफ्टवेअरला हे गाव ओळखता यावे म्हणून आहे. माणसाने वाचायच्या नमुन्यात यंत्राने वाचायचा मजकूर आला, आणि माझ्या दृष्टीने अकरा बदलांमध्ये खरा बदल तोच. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट २०२१ पासून, ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. नमुना बारा भरायचे काम तलाठ्याकडून शेतकऱ्याच्या हाती आले. त्याने आपल्या शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. कुलकर्ण्याच्या रुमालापासून इथवर शंभर वर्षे लागली. यातही जुनी गोम आहेच. बारामध्ये पूर्वी कसणाऱ्याचे नाव यायचे, मोबाइलवर नोंद करतो तो खातेदार. दुसऱ्याची जमीन तोंडी कराराने वाट्याने करणारा गडहिंग्लजमध्ये आजही पुष्कळ सापडेल, आणि कुळांना १९५७ नंतर ज्या रकान्याने हात दिला तो रकाना त्याच्यासाठी आता उघडत नाही. नमुना सहा मात्र हललेला नाही. वारसाचा अर्ज आता ‘ई-हक्क’वरून घरबसल्या करता येतो, पण नोटिशीचे १५ दिवस तेच आहेत, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्याशिवाय नाव सातवर चढत नाही.